सत्यभामेचं वाण आणि माझं झाकण

प्लॅस्टिकमधलं मला कुणी शिकवू नये! तळोज्याच्या कारखान्यात बारा वर्षं बादल्या, मग, टोपल्या डिझाइन केल्यात मी. साधा मग हातात द्या, तो कुठून तडकणार ते आधी सांगतो!

त्यामुळे शहाण्णव सालच्या संक्रांतीला आमची सत्यभामा वाणाच्या काळजीत पडली, तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "यंदाचं वाण माझ्यावर सोड!"

काळजीला कारण होतं. आदल्या वर्षी तिने हळदीकुंकवाला साबणाची वडी वाटली होती. तर आमच्या कळंबोलीच्या बिल्डिंगमधल्या सगुणावहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गो, आमी काय न्हात नाय काय?" वहिनी इथल्याच गावच्या, आवाज खणखणीत. त्या हसल्या की अख्खी बिल्डिंग हसते. सत्यभामा वर्षभर त्यांच्यासमोर यायचं टाळत होती.

"यंदा हसं झालं ना, तर मी सरळ साताऱ्याला माहेरी जाईन," ती म्हणाली.

"अगं, अशी डबी देतो की मुंगी शिरायची नाही! आत हलवा, वर घट्ट झाकण. बायका नाव काढतील!"

साहेबांची परवानगी काढली. कारखान्यात एका जुन्या डबीचा नि तिच्या झाकणाचा साचा पडून होता, काचेसारख्या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकसाठी बनवलेला. डबी त्याच मालाची काढली. पण तो माल पडला की तडकतो. म्हणून झाकणाला मी दुसरा चिवट, लालभडक माल वापरला. साचा मात्र तोच!

मशीन चालवणारा आमचा पोपट डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, हा माल गार झाला की अंग चोरतो. साचा त्याच्या मापाचा नाय. दोन दिवस थांबून झाकण लावून बघू."

"पोपटराव, डिझाइन कोण करतं? तुम्ही का मी?"

गरम झाकण डबीवर दाबलं. टक्! काय गोड आवाज! त्याच दुपारी एक्कावन्न डब्या घरी आणल्या, हलवा भरला आणि एकूण एक झाकण माझ्या हाताने दाबून बसवलं.

हळदीकुंकू होतं तिसऱ्या दिवशी. बायकांच्यात माझं काय काम? मी आतल्या खोलीत, कान दाराला.

"अय्या, किती गोड डबी!" मी स्वतःचीच पाठ थोपटली.

"पण उघडते कशी?"

"नख तुटलं गं माझं!"

कुणी दातांनी ओढलं, कुणी दाराच्या फटीत धरलं. मग 'कड्' असा आवाज आला!

"सगुणावहिनींची बांगडी वाढली," कुणीतरी हळूच म्हणालं.

ऐन हळदीकुंकवात, माझ्या घरात, तीही सगुणावहिनींची! मला घामच फुटला. राहवेना म्हणून बाहेर आलो. सत्यभामेचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झालेला.

"वहिनी, ताकद नको, युक्ती पाहिजे!" असं म्हणून मी ताटातली एक डबी घेतली, दोन्ही अंगठे लावले आणि दिला जोर. झाकण जागचं हललं नाही. डबीच फुटली! हलवा खोलीभर उडाला आणि एक दाणा नेमका सगुणावहिनींच्या ताज्या कुंकवावर जाऊन चिकटला.

वहिनींनी दाणा काढला, तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"हलवा गोड हाय," त्या म्हणाल्या. मग आपली डबी उचलून कानाशी हलवली. खुळ्ळ! "नि नातवाला खुळखुळा पन झाला गो!"

त्या हसल्या, म्हणजे अख्खी बिल्डिंग हसली. सत्यभामासुद्धा हसली, पण माझ्याकडे न बघता. वाण परत करायचं नसतं, त्यामुळे पन्नास डब्या पन्नास घरी गेल्या. साताऱ्याचं बारगळलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या संक्रांतीला मी वाणाचा विषयसुद्धा काढला नाही. सत्यभामा सगुणावहिनींना घेऊन पनवेलच्या बाजारात गेली आणि पिशवी भरून स्टीलची उलथणी घेऊन आली. चपटी, धारदार, जाडजूड.

"एवढी भक्कम कशाला गं?" मी विचारलं.

"वहिनींनी निवडून घेतलीत," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा हलवा अजून आतच आहे ना!"