खाली आवाज येतो

आमचे शेजारी नाना गाडी चालवताना डावीकडे बघत नाहीत. समोर बघतात, उजवीकडे बघतात, आरशात तर उगीचच बघतात. डावीकडे मात्र मान म्हणून वळत नाही. बनारसमध्ये गाय, सांड, रिक्षा आणि वरात या चारही गोष्टी डावीकडूनच अंगावर येतात, असा माझा अनुभव आहे. एकदा भीत भीत तसं म्हटलं, तर म्हणाले, "डावीकडच्यांनी आपलं आपण बघावं."

नाना म्हणजे संस्कृत व्याकरणाचे निवृत्त मास्तर. आम्ही दोघेही राहतो संकठा घाटाजवळच्या गल्लीत. तिथे सायकल वळवायची तरी आधी उचलावी लागते. त्यामुळे नानांची गाडी मैदागिनला एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात असते, आणि गाडीत बसायला आधी पंधरा मिनिटं चालावं लागतं. दर सोमवारी संध्याकाळी ते ती जुनी निळी गाडी काढून सारनाथला जाऊन येतात. पूर्वी शेजारी काकू असायच्या. काकू माहेरच्या वाईच्या, नाना तीन पिढ्यांचे बनारसी. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी, आणि काकू जन्मभर ती निवडून काढत बसल्या. "कोशिश नव्हे हो, प्रयत्न म्हणा." व्याकरणाचा मास्तर निमूटपणे म्हणायचा, "बरं. प्रयत्न."

गेल्या वसंत पंचमीच्या सुमारास काकू गेल्या, आणि त्यानंतर गाडीला आवाज लागला.

ॲक्सिलेटर दाबला की आधी धाडकन, मग खडखड. नाना हातवारे करून सांगायचे, "जशी काही कुणी कढई फेकली." गंमत अशी, की तो फक्त नानांना ऐकू यायचा. मी पाच-सहा वेळा त्यांच्या शेजारी बसून कान टवकारले. काही नाही. मैदागिनचा मिस्त्री बसला, त्यालाही काही नाही. चालवायला नाना कुणाला देत नाहीत. मागे बसून ऐकतो म्हटलं तर त्यांचा अपमान व्हायचा. "मागे बसायला मी काय टॅक्सीवाला आहे?"

अशात नागपूरहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, मला फोन आला. "बाबांना भास होतात का हो? आई गेल्यापासूनच हे सुरू झालंय. मी रविवारी येते. गाडी विकून टाकते आणि बाबांना इकडे घेऊन येते." मी गारच पडलो. नाना बनारस सोडणार, आणि तेही डोक्यावर परिणाम झाला म्हणून. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी उठून नानांना गाठलं. "नाना, एकदा नीट सांगा. आवाज कुठे येतो?"

"अहो, किती वेळा सांगायचं? खाली येतो. बिलकूल खालीच येतो."

मी साताऱ्याचा. बँकेची बदली म्हणून दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. खाली म्हणजे खाली. मी मिस्त्रीला जाऊन सांगितलं, "नीचे से आता है." त्यानं बिचाऱ्यानं गाडीखाली अंथरूणच घातलं. सायलेन्सर उतरवून परत बसवला, इंजिनाखालची रबरं बदलली, जो नट दिसेल तो आवळला. नानांनी गाडी फिरवून आणली. आवाज कायम. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, नीचे त कुछो नाहीं है," आणि बोटानं स्वतःच्या डोक्याकडे खूण केली. खरं सांगतो, तेव्हा मलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि त्याची आता लाज वाटते.

शनिवारी बँकेतून बाहेर पडलो. रिक्षावाला दिसला, त्याला नेहमीप्रमाणे विचारलं, "खाली हो?" आणि तिथेच थबकलो. दोन वर्षं रोज हेच विचारतोय मी. खाली म्हणजे रिकामी. नाना कधीचे सांगत होते, गाडी रिकामी असली की आवाज येतो, आणि मी मेल्यानं मिस्त्रीला गाडीखाली झोपवलं होतं.

तडक घरी गेलो, नानांना ओढत मैदागिनला नेलं आणि त्यांच्या नाकावर टिच्चून मागे बसलो. टॅक्सीवाल्याचं वाक्य तीन वेळा ऐकलं. गाडी रस्त्याला लागली, नानांनी ॲक्सिलेटर दाबला, आणि पुढची डावीकडची सीट धाडकन मागे येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळली. नंतर आपल्या रुळांवर खडखडत राहिली. तिची पिन तुटलेली होती, किती वर्षांपासून देव जाणे. इतके दिवस काकूंच्या वजनानं ती जागची हलली नव्हती. मी बसलो तर माझ्या, मिस्त्री बसला तर त्याच्या.

"नाना, अहो ही सीट सरकतेय," मी ओरडलोच. गुडघे ठणकत होते. "इतके महिने तुम्हाला दिसली कशी नाही? नुसतं डावीकडे बघायचं होतं."

नानांनी गाडी कडेला घेतली. काचेतून समोर बघत बसले.

"नाही बघवत हो," म्हणाले. "खाली दिसते."

मी ती सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि आम्ही मैदागिनला परतलो.

मिस्त्रीनं पाच मिनिटांत नवी पिन ठोकली. समोरच्या बूथवरून मी सुनंदाला फोन लावला आणि नानांचे कान आणि डोकं दोन्ही शाबूत असल्याचं सांगितलं. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "येते तरी. पण आता गाडी विकायला नाही. सारनाथला जाऊ."

नाना एकटेच चक्कर मारायला गेले. मी आणि मिस्त्री रस्त्यावर कान देऊन उभे होतो. ते परत आले, गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. मी खिडकीशी वाकून विचारलं, "आला आवाज?"

"नाही. बिलकूल नाही. आता गाडी खाली असली तरी..." ते मध्येच थांबले. मग मान वळवून त्यांनी डावीकडच्या सीटकडे बघितलं आणि तिलाच म्हणाले, "बरं. रिकामी."