बरणीभर डास

सगुणने मांद्र्याच्या आपल्या घराला पाहुण्यांसाठी नवी खोली काढली, आणि पहिली गोरी पाहुणी दारात उतरली तेव्हा हा गृहस्थ नेमका म्हापशाच्या बाजारात! घरात एकटी त्याची बायको भाग्यलक्ष्मी आणि तिचं सातवीपर्यंतचं इंग्रजी. ही उर्सुला टिकली नाही, तर रस्ता ओलांडून समोरच्या गुरुदासच्या खोलीत जाणार आणि तो वर्षभर मिशीत हसणार, ही धास्ती भाग्यलक्ष्मीला लागली होती.

उर्सुलाला तिच्या डॉक्टरने बजावून पाठवलं होतं : पाणी उकळून प्यायचं, फळ सोलून खायचं आणि डासांपासून लांब राहायचं. तिने उंबऱ्यावरूनच विचारलं, "मोस्कीट? यू हॅव मोस्कीट?"

भाग्यलक्ष्मीला ऐकू आलं 'मिस्कूट'. कैरीत मसाला भरून ती घालते त्या लोणच्याची कीर्ती थेट परदेशात पोचली म्हणायची! तिचा चेहरा फुलला.

"येस, येस! मेनी! फुल बरणी!"

"इन द रूम?"

खोलीत आणून द्याल का, असं विचारते वाटतं. "रूम ऑल्सो! मॉर्निंग, नाइट, एनी टाइम!"

उर्सुला पांढरीफटक पडली. "बाइट?"

"स्मॉल बाइट. व्हेरी हॉट!" भाग्यलक्ष्मीने जीभ बाहेर काढून हाय-हाय करून दाखवलं. "आय मेक. एव्हरी इयर. माय मदर टीच."

डास पाळायची घराण्याची परंपरा! उर्सुलाने खोलीत जाऊन पायमोजे चढवले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, तोंडाला मलम फासलं. लोणचं खायला केवढी ही तयारी, असं मनाशी म्हणत भाग्यलक्ष्मी बरणीच घेऊन आली आणि तिने झाकणाला हात घातला. उर्सुला किंचाळून खाटेवर चढली.

गुरुदास धावत आला. "कितें जालें गो? माझी खोली रिकामी आसा हां!"

तेवढ्यात सगुण पोचला. तो बोटीवर नोकरी केलेला, त्याला इंग्रजी येत होतं. दोघींचं ऐकून तो पायरीवरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "अगो, ती डासांचें विचारता! तू लोणचें कित्याक सांगता?" मग छाती काढून त्याने पाहुणीला सांगितलं, "नो मोस्कीट इन मांद्रे! सी ब्रीझ!"

उर्सुलाही पोट धरून हसली आणि राहिली. गुरुदास हात हलवत परत गेला. पुढे ती सकाळी चुलीपाशी बसून पेज खाऊ लागली, एकेक कोंकणी शब्द शिकू लागली.

पण समुद्रवाऱ्याने सगुणची लाज काही राखली नाही. लवकरच तोच हुडहुडी भरून आडवा झाला आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला. "तिका सर्दी म्हणून सांग," तो गोधड्यांखालून कण्हला.

"ओन्ली कोल्ड," भाग्यलक्ष्मी म्हणाली. पण सगुणचे दात ओसरीपर्यंत वाजत होते. उर्सुलाने भुवया उंचावल्या, ती खोलीत गेली आणि तिने खाटेखालची बॅग बाहेर ओढली.

भाग्यलक्ष्मीने ते दारातून पाहिलं. पाहुणी जाणार, गुरुदास हसणार, हे तर होतंच. पण चुलीपाशी आता कोण बसणार, या विचाराने तिला जास्त रडू आलं.

उर्सुला बाहेर आली ती आपली मच्छरदाणी घेऊन. तिने ती सगुणच्या अंथरुणावर बांधली, कडा नीट खोचल्या आणि पाणी उकळायला चुलीवर ठेवलं.

"बाये..." म्हणत भाग्यलक्ष्मीने डोळे पुसले आणि चुलीत लाकूड सारलं.

आजाराची बातमी लागताच गुरुदास हजर झाला. पाहुणी आता आपलीच, अशा खुशीत तो ओसरीवर चढला. "मॅडम, माय रूम..."

उर्सुला दारात आडवी उभी राहिली. विहिरीकडे बोट दाखवत तिने आयुष्यातलं पहिलं अख्खं कोंकणी वाक्य उच्चारलं, "पयलीं हात धू!"

गुरुदास निमूटपणे हात धुऊन आला.