पटरला सवत

कारखान्याच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला तो पंखा बंद करा असं सांगायला. कागद उडत होते. पण नेमकं त्याच क्षणी आमच्या नव्या एम.डी. साहेबांनी विचारलं होतं, "पटिंग स्पर्धेत कोण उतरणार?"

"वा! बारदान विभाग! शाब्बास!" साहेब टेबलावर हात आपटून ओरडले.

बारदान विभाग म्हणजे मी. साखरेची रिकामी पोती मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची, हे माझं काम. इतक्या वर्षांत बारदान विभागाला कुणी शाब्बास म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे वर गेलेला हात मला खाली घेववेना. (पंखा शेवटपर्यंत चालूच राहिला.)

साहेब लष्करातून कर्नल म्हणून रिटायर झालेले. कोल्हारजवळच्या आमच्या कारखान्यात रुजू झाल्या झाल्या त्यांनी गेस्ट हाऊसच्या मागचं लॉन कापून घेतलं, त्यात वाटीएवढे खड्डे केले आणि प्रत्येक खड्ड्यात एक एक झेंडी रोवली. गळीत हंगाम संपला की तिथं स्पर्धा. पटर म्हणजे गोल्फचा बॉल हळूच ढकलून खड्ड्यात घालायची काठी. कारखान्याच्या दोन-तीन सामायिक काठ्या होत्या, पण साहेब म्हणाले, "खरा खेळाडू स्वतःचा पटर आणतो!" आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगावर काटा आला हो!

घरी येऊन मी ज्योतीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. मला वाटलं हसेल. पण तिने हातातली कणीक तशीच ठेवून फोन लावला.

"मच्छू, तुला गिऱ्हाईक मिळालं रे! तुझे दाजी!"

मच्छिंद्र हा ज्योतीचा धाकटा भाऊ. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो राहात्याला परत आला आणि पेरूच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये हाताने पटर बनवायला लागला. हो, पटरच! राहात्यात! बटाटे, पेरू, झेंडूची फुलं विकणाऱ्या गावात. तो म्हणायचा, मशिनीवरचे पटर लाखांनी निघतात, पण शौकीन लोकांना हाताने बनवलेला, आपल्यापुरता एकच असा हवा असतो. हे शौकीन लोक अजून शेडपर्यंत पोचले नव्हते. सासरेबुवा चारचौघांत त्याचं नाव निघालं की पावसापाण्यावर बोलायला लागत. ज्योती मात्र भावाच्या बाजूने एकटी उभी होती, आणि तिच्या बाजूला उभं राहायला आता तिने मला धरलं होतं.

पुढच्याच रविवारी आम्ही शेडमध्ये. मच्छिंद्रने शिंप्यासारखी टेप काढली. माझी उंची, हात, मनगट, सगळं मापलं.

"दाजी, आता स्वभाव सांगा."

"स्वभाव?"

"हँडमेड पटर माणसाच्या स्वभावावर बनतो."

"मग जरा ढिलाच बनव," ज्योती म्हणाली.

पण पटर काय झाला म्हणता! पेरूच्या लाकडाचा गुळगुळीत दांडा आणि सासूबाईंचं जुनं पितळी घंगाळ वितळवून ओतलेलं डोकं. उन्हात धरला की सोन्यासारखा चमकायचा. मच्छिंद्रने तो माझ्या हातात ठेवला. मग परत घेऊन एकदा फडक्याने पुसला. मला भरून आलं. मी म्हटलं, "मच्छिंद्र, मी जिंकलोच म्हणून समज!"

(असली वाक्यं माझ्या तोंडून जातात. मग ती परत घेता येत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट बिभीषणला सांगितली. बिभीषण म्हणजे आमच्या केनयार्डातला, म्हणजे उसाच्या गाड्या येतात तिथला, क्लार्क आणि माझा जिवलग मित्र. इथे सांगायला हरकत नाही, की माझ्या आईचं नाव लंकाबाई आहे. घरात लंका आणि ऑफिसात बिभीषण असल्यावर माणसाचं जे व्हायचं ते माझं होत आलेलं आहे.

"घंगाळ?" बिभीषण ओरडला. "अरे कल्याण, जग कुठं चाललंय! हे बघ!" त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. काळा कुळकुळीत पटर, विमानासारखा. दांड्यात सेन्सर. मोबाईलला जोडायचा आणि प्रत्येक फटक्यानंतर पटर बोलतो! काय चुकलं ते सांगतो!

"चुकलं ते सांगायला घरी माणूस आहे की," मी म्हटलं.

"पण हा कसं सुधारायचं तेही सांगतो."

तिथं मी फसलो. त्या पटरच्या डोक्यावर निळा दिवा लुकलुकत होता, त्याचं तोंड कॉम्प्युटरने केसाच्या बारकाईने कापलेलं होतं, आणि मी दहावीत मिळालेल्या कंपासपेटीनंतर इतकी देखणी वस्तू पाहिलेली नव्हती. मी मागवला. पार्सल बिभीषणच्या घरी आलं आणि मी ते पोत्यात गुंडाळून आमच्या घरी आणलं. पोत्यांना आपल्याकडे तोटा नाही.

दारातच आई कुरडयांचं पीठ घेऊन बसलेली.

"काय रं त्ये? साप मारलास का काय?"

"नाही गं. ऑफिसचं आहे."

"मग साप असता तरी बरं हुतं," आई म्हणाली.

ज्योती बाजारात गेली की मी गच्चीवर जायचो. स्टीलचा पेला आडवा ठेवायचा, हा खड्डा. एका बाजूला आईच्या कुरडया वाळत घातलेल्या, त्यातून वाट काढत बॉल ढकलायचा. आणि पटर मोबाईलमधून बोलायचा. बाईचा आवाज. इतका मऊ, इतका समजूतदार! "गुड. रिलॅक्स. वन मोर टाइम, प्लीज." मीही नकळत उत्तरं द्यायला लागलो. म्हणजे कुणी इतकं गोड बोललं तर गप्प बसणं बरं दिसत नाही.

त्या दिवशी मी अगदी रंगात आलो होतो. बॉल पेल्यात गेला की टण् असा आवाज, आणि लगेच ती, "वंडरफुल! दॅट वॉज लव्हली!"

"थँक यू," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच जमतंय हो. घरात कुणी असं बोलत नाही."

"डोन्ट रश. बी जंटल."

"नाही, नाही. आता हळूच करतो."

मागे धप्प असा आवाज झाला. धुण्याची बादली पडली होती आणि जिन्याच्या दारात ज्योती उभी होती. बाजार लवकर आटोपला होता.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"तीच! लव्हली म्हणणारी!"

"अगं, ती मशीन..."

"माशेन? हे कसलं नाव? ख्रिश्चन आहे?"

तेवढ्यात आई गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आली. ज्योतीने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. आईने मला खालून वर न्याहाळलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"येडी का काय तू? याच्याशी मराठीतून कुनी बोलत न्हाई. इंग्रजीतून कोन बोलंल?"

आईच्या या प्रेमाने माझा जीव वाचला. मी घाईघाईने पोतं बाजूला केलं, पटर दाखवला, दिवा दाखवला, मोबाईल दाखवला. तिला खात्री पटावी म्हणून एक बॉल मारूनसुद्धा दाखवला. तो कुरडयांत गेला. "टू हार्ड," बाई म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. पण ज्योतीचा चेहरा खरा तर आता पडला. ती पायरीवर बसली.

"बाई असती तर मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "भांडले असते, माहेरी गेले असते, परत आले असते. पण तुम्ही मच्छूच्या पटरला सवत आणलीत. माझ्या आईने घंगाळ दिलं हो त्याच्यासाठी! सगळं गाव त्याला हसतं. तुम्ही एक हसत नव्हता, म्हणून मला बरं वाटायचं."

मी कुरडयांतून बॉल उचलला. तेवढ्यात मोबाईल बोलला, "वुड यू लाइक टू ट्राय अगेन?" मी तो बंद केला.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. स्पर्धेत मच्छिंद्रचाच पटर! ज्योती म्हणाली, "मी बघायला येणार. आणि मच्छूलापण बोलावणार."

स्पर्धेच्या दिवशी लॉनवर मांडव, खुर्च्या, झेंड्या, उसाचा रस. साहेब पांढऱ्या टोपीत. मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, त्याच्या शेजारी ज्योती आणि आई. लाऊडस्पीकरवर अकाउंट्समधल्या आरती मॅडम निवेदन करत होत्या. सकाळी त्या स्पीकरवर सनई माझ्याच मोबाईलमधून वाजवली होती. कामाचा माणूस म्हणून असली कामं माझ्याकडे येतात.

एकेकाने येऊन बॉल ढकलले. प्रत्येकाला तीन बॉल. चीफ केमिस्टचा खड्ड्यापासून हातभर लांब राहिला. शेतकी अधिकाऱ्यांचा उसाच्या रसाच्या पिंपाखाली गेला. अजून एकाचाही बॉल खड्ड्यात पडलेला नव्हता. आणि मग आरती मॅडम म्हणाल्या, "बारदान विभागाचे श्री. कल्याण!"

टाळ्या! मी घंगाळाचा पटर घेऊन उभा राहिलो. समोर मच्छिंद्र, दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून बसलेला. त्याच्याकडे पाहता पाहताच मी बॉल ढकलला. बॉल वीतभर गेला आणि थांबला. लोक हसले. मच्छिंद्रने मान खाली घातली.

"कल्याण! हा घे!" मागून बिभीषण कुजबुजला. गच्चीवरच्या प्रकारानंतर मी काळा पटर त्याच्याकडेच ठेवायला दिला होता, तो त्याने माझ्या नकळत सोबत आणला होता. आता बघा, त्या वेळी मी काय विचार केला: मच्छिंद्रच्या पटरने हरलो तर त्याची अब्रू जाईल, दुसऱ्याने हरलो तर फक्त माझी. हा विचार थोर होता. तो ज्योतीला खुर्चीपर्यंत पोचून सांगायला वेळ नव्हता, एवढंच. मी पटर बदलला. तिच्याकडे पाहिलं नाही. नेम धरला.

"हॅलो कल्याण!" लाऊडस्पीकर गरजला. "आय मिस्ड यू!"

सगळी माणसं आरती मॅडमकडे वळली.

"मी नाही बोलले!" मॅडम माइक टाकून उभ्या राहिल्या.

खिशातला मोबाईल अजून स्पीकरला जोडलेला होता! मी खिशात हात घालून तो बंद करायला गेलो आणि घाईत दुसऱ्या हातातला पटर बॉलला लागला. बॉल उलटा गेला, थेट मांडवाच्या खांबाकडे.

"युअर हँड्स आर शेकिंग," बाईने अख्ख्या कारखान्याला सांगितलं. "दिस इज युअर वर्स्ट परफॉर्मन्स. प्लीज कन्सल्ट अ कोच."

हशा म्हणजे किती! केनयार्डातले लोक जमिनीवर बसले. साहेबांनी टोपी काढून तोंडावर धरली. मोबाईलवर बोट घामाने सरकत होतं आणि बाई थांबत नव्हती. तेवढ्यात गर्दीतून ज्योती लॉनवर आली. चपला काढून हातात घेतलेल्या, कारण हिरवळीवर चपला नको असं तिला वाटलं असावं. (चपला हातात घेऊन येणाऱ्या बायकोबद्दल लोकांना काय वाटलं, ते मी विचारलेलं नाही.)

"द्या तो इकडं," ती म्हणाली. तिने काळा पटर काढून घेतला आणि पितळेचा हातात दिला. "हरलात तरी चालेल. पण याने हरा."

मला एकदम चीड आली. स्वतःची, बिभीषणची, त्या बाईची. मी डोळे मिटले आणि बॉल ढकलायचा सोडून चांगला हाणला.

खण्ण! देवळात घंटा वाजावी तसा आवाज झाला. बॉल लॉनवरून सणसणत निघाला, झेंडीशेजारी उभ्या असलेल्या साहेबांच्या घोट्यावर आदळला, वर उडाला, गरगर फिरला आणि खड्ड्यात पडला!

साहेब एका पायावर उभे. नोकरी गेली, मी मनात म्हटलं.

मग साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "अरे, पडला की!" ते ओरडले. "आजच्या दिवसातला पहिला बॉल! पडला म्हणजे पडला! माझा पाय मैदानाचा भाग होता!"

असा गलका झाला की सांगता सोय नाही! आई खुर्चीवर उभी राहिली. ज्योतीने सगळ्यांसमोर माझा हात धरला. मी मान वाकवून तयार होतो, हार येईल म्हणून. साहेब लंगडत माझ्याकडे आले, हात पुढे केला आणि माझ्या हातातला पटर घेतला. पितळेवर टिचकी मारली, कान लावला. एकदा, पुन्हा एकदा.

"हा आवाज! हे वजन! कुणी बनवला?"

मच्छिंद्र खुर्चीला धरूनच बसला. ज्योतीने त्याला दंडाला धरून आणलं. साहेबांनी त्याला तिथेच दोन पटर सांगितले, एक स्वतःला, एक मित्राला, आणि म्हणाले, पुण्याला माझ्याबरोबर चल, गोल्फवाल्यांना दाखवू. मच्छिंद्रचे डोळे भरले होते. सासरेबुवांना फोन लागला तेव्हा ते पावसापाण्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. नुसतं "व्हय का? व्हय का?" करत राहिले. मला खरंच इतका आनंद झाला, की हार राहिला हे घरी आल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! मी चार अंक आणले. मोठा, रंगीत फोटो होता. मधोमध चमचमणारा पटर, पाठीमागे माझे गुडघ्यापासून खालचे दोन पाय. खाली छापलेलं: 'राहात्याचे मच्छिंद्र यांनी साकारलेला हस्तनिर्मित पटर.' पायांबद्दल काहीच नाही.

ज्योतीने तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. एवढंही मी सोसलं असतं. पण ऑफिसात गेलो तर बिभीषण तोच अंक दाखवत फिरत होता आणि ते पाय आपले आहेत म्हणून सांगत होता. आणि लोकांना ते पटतही होतं! मी चिडून घरी आलो, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि फ्रेमशेजारी उभा राहिलो.

"तूच सांग, ज्योती! कुणाचे आहेत हे पाय?"

तिने चष्मा लावला. फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"बिभीषणभावजींना एकदा बोलावून घ्या," ती म्हणाली. "शेजारी उभं केल्याशिवाय नक्की सांगता यायचं नाही."