टाकीतली पिल्लावळ

सकाळपासून नेमगोंडाअण्णांनी बैठकीच्या सोप्यातनं गच्चीवरच्या टाकीपर्यंत इतक्या खेपा घातल्या की अक्काताई शेवटी करवादल्या, “अवो, बसा की गप एका जाग्याला! पावणं यायच्या आधी जिना झिजंल.”

“कसं बसू? परत पिल्लं घातल्यात त्यांनी!”

पाहुणे कोडोलीहून त्यांच्या लेकीला, अदितीला बघायला येणार होते. खरं तर अदितीनं आणि अनेकांतनं एकमेकांना कधीच पसंत करून टाकलं होतं. उरल्या होत्या फक्त त्याच्या आई, शालूबाई. बाई नेमधर्माला अशा कडक, की नुसतं कांद्याचं नाव निघालं तरी चूळ भरतात म्हणे. आणि त्यांच्या स्वागताला जैनाच्या घरात मासे! सोयरीक मोडायला आणखी काय लागतं हो?

हे सगळं अण्णांच्या दयेनं झालं होतं. पावसाळ्यात आरोग्यसेविका डासांच्या अळ्यांवर औषध टाकायला आली, तर अण्णा टाकीपुढं आडवे झाले. “जीव हायत त्यात. मारायचं न्हाई!” बाईनं वैतागून थोडे गप्पी मासे सोडले. अळ्या मासे खाणार, म्हणजे पापही माशांचं, अण्णा खूश. माशांनी अळ्यांचा फडशा पाडला. खाणं संपलं म्हटल्यावर त्यांचा संसार आपसूक आवरला असता. पण अक्काताईंना कुठलं बघवतंय! “उपाशी मरत्यात की वो,” म्हणत त्या रोज कणीक टाकू लागल्या. आयतं जेवण आणि खायला टपलेला वैरी कुणी नाही. मग काय, टाकी जत्रेसारखी गजबजली. त्यात घरात पाणी फडक्यानं गाळायचं आणि फडक्यातला जीव जिथला तिथं नेऊन सोडायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नळातनं एखादं पिल्लू खाली आलंच, तर अण्णा त्याला वाटीत घालून सन्मानानं वर पोचवत.

पाहुण्यांचा दिवस ठरल्यावर अण्णांनी मासे वाटायला काढले, पण घेईना कुणी. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या गैबीनं भिडेखातर बादलीभर मासे ट्यूब तपासायच्या टबात घेतले.

“खायाचं न्हाई हं, गैबी!”

“नखाएवढ्या माशात खायाचं काय, अण्णा? मी काय येडा हाय?”

पाहुणे आले. शालूबाईंनी मांडीवर एक झाकणाचा डबा गच्च धरला होता.

“द्या की, आत ठेवते,” अक्काताई म्हणाल्या.

“नको, ऱ्हाऊ दे. हिंदकळायला नको.”

तुपातलं काहीतरी असणार, असं अण्णांच्या मनात आलं. अदितीनं पाणी आणलं. प्रत्येक पेला अण्णांनी डोळे फाडून तपासला. एकातही काही वळवळत नव्हतं. देव पावला!

“पाणी गाळता न्हवं?” शालूबाईंनी विचारलं.

“व्हय की! दोनदा!”

एवढ्यात गैबी बादली घेऊन दारात उभा.

“अण्णा, हे तुमचं मासं घ्या बघू परत! ट्यूब बुडवली की बुडबुडं खायाला सगळी फौज जमतीया. भोक कुठं हाय, मला दिसंना! धंदा बसला माझा!”

अनेकांत पंख्याकडं बघू लागला. अदितीचे डोळे भरून आले, आणि अण्णांना वाटलं, भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

शालूबाई डब्यासकट उठल्या आणि बादलीवर वाकल्या.

“कणीक घालता यांस्नी?”

“मी घालते,” अक्काताई पुटपुटल्या. “उपाशी कसं ठेवायचं?”

“तेच की वो बाई!” शालूबाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की सगळे दचकले. “आमच्यातबी तेच झालंय. हौद भरला, न्हाणीतलं पिंप भरलं. मारवत न्हाई आनि ठेववत न्हाई.” त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत गप्पी मासे दाटीवाटीनं फिरत होते. “गावात कोन घेईना. म्हटलं, पोरीकडची मानसं तरी न्हाई म्हणणार न्हाईत.”

अण्णांनी डब्याकडं पाहिलं, मग अदितीकडं. ती डोळे पुसून हात जोडण्याच्या बेतात होती.

“न्हाई कशाला म्हणू?” अण्णा म्हणाले. “घरचंच हायत.”

“मग पोरगी पसंत! हुंडा नको, भांडी नकोत,” शालूबाई म्हणाल्या. “आमची एकच अट. पोरीसंगं ह्यातलं एकबी परत धाडायचं न्हाई.”

गैबीनं बादली उंबऱ्यात टेकवली आणि कुणी बोलवायच्या आत तो पसार झाला. अण्णांनी एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात बादली, आणि हसत, कण्हत पुन्हा जिना चढायला लागले.

“अवो, थांबा की,” खालनं अक्काताई ओरडल्या, “कणीक घेऊन जावा!”