बाळारामची गिटार आणि तात्यांचा रंग

पाटा-वरवंट्याला चंदेरी ऑइलपेंट लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. टेमघरला माझ्या दुकानासमोरच राहतो. जनार्दन तात्या. त्या घरात कित्येक दिवस चटणीला टर्पेंटाइनचा वास येत होता, आणि तात्या मिटक्या मारत खात होते. "पन दिसतो कसा? एकदम शोरूम!"

जुनं काही दिसलं की या गृहस्थांचं टाळकं सरकतं. वळ गावची जमीन गोडाऊनवाल्यांना दिली तेव्हापासून हा रोग जडलाय. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. उन्हाळ्यात बसलात तर पाठ सोलून उठाल. देव्हाऱ्यातल्या टाकांनाही सोनेरी हात मारणार होते, काकूंनी ब्रश हिसकावला म्हणून देव वाचले.

त्याच जमिनीपायी धाकटा भाऊ बाळाराम तुटला. त्याला ती विकायची नव्हती. भांडण इतकं पेटलं की तात्यांनी त्याची इलेक्ट्रिक गिटार उचलली आणि विकून टाकली. कुणा वाजवणाऱ्याला? छे! अकलोलीच्या एका लॉजवाल्याला. आसपासच्या गावांतल्या हळदी बाळारामनं त्याच गिटारीवर वाजवल्या होत्या. तो मांडवात उभा राहिला की गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा नाचायला उठायच्या. गिटार गेली आणि त्यानं भावाशी बोलणं टाकलं. बरोबर केलं, असं माझं स्पष्ट मत.

गेल्या लग्नसराईत तात्या दुकानात आले ते तीच गिटार घेऊन. लॉजवाल्यानं ती भिंतीला टांगली होती आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबून आलेली गिऱ्हाईकं तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालत होती.

"परत इकत घेतली. संजा, हिचा आवाज काढ. बालारामच्या पोरीची हलद हाय."

"तुम्हाला बोलावलंय?"

"तू आवाज काढ."

मी लूमच्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस. पण गिटारीतही तारांखाली कॉइलच असते, आणि ती तुटली होती. केसाहून बारीक तांब्याची तार, घडीघडी तुटणारी. शिव्या घालत भरली. गंजलेल्या खुंट्या बदलल्या, नव्या तारा चढवल्या, स्पीकरला जोडली. असा सूर निघाला की शेजारचा चहावाला गाळणी घेऊनच बाहेर आला. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

"आता रंग," तात्या म्हणाले.

"खबरदार! आहे तशी न्या."

"येडा हायस का? बाला म्हनंल, माझी वस्तू सडवून आनली. एक ओरखडा दिसता कामा न्हाय."

टेम्पो रंगवणाऱ्या पेंटरकडे नेली. "सेठ, नई दुल्हन बना दूँगा," तो म्हणाला. बनवली. लालभडक!

हळदीच्या दुपारी माझ्या स्कूटरवर मागे बसून, गिटार कवटाळून, तात्या वळ गावी बाळारामच्या घरी आले. मांडवात डीजेचे खोके रचलेले. बाळाराम ओट्यावर बसला होता. तात्यांनी गिटार पुढे धरली.

त्यानं ती घेतली, उलटसुलट केली. वाजवताना उजवा हात टेकतो त्या कडेवर त्याचा अंगठा फिरत राहिला. वर्षानुवर्षं त्याचा हात घासून तिथं लाकूड उघडं पडलं होतं. दुकानात मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिथं टेम्पोचा रंग.

"ही माझी न्हाय, दादा," तो म्हणाला. गिटार परत दिली आणि आत निघून गेला. मांडवात एवढी माणसं, पण कुणी पाण्याचंही विचारलं नाही.

परतताना माझं डोकं फिरलं होतं. "सांगितलं होतं ना, रंग लावू नका! पुतणीच्या हळदीत दारातून परत पाठवलं तुम्हाला. आणि वर हसताय?"

स्कूटरच्या आरशात तात्या खरंच हसत होते. डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"अरे, बा गेला तवा आमी शेजारी बसून डोकी भादरली," ते म्हणाले. "तवापन त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आज दादा म्हनला."