कर्णिकसाहेबांचं नापास विमान

नव्या पनवेलात राहायला आलो, त्याच आठवड्यात आमच्या दाराच्या कडीला दोऱ्याने बांधलेली एक लाल चिठ्ठी सापडली. 'नापास. स्क्रू ढिला.' खाली सही, तारीख. मला वाटलं, वीजवाल्यांची नोटीस. दोन दिवस मी मीटरचे स्क्रू आवळत होतो.

चिठ्ठी समोरच्या कर्णिकसाहेबांची होती. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं माल तपासला आणि निवृत्त होताना उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागून घेतले. लाल म्हणजे नापास, हिरवी म्हणजे पास. हिरवा गठ्ठा अजून करकरीत होता. बायकोने पाठवलेला पुरणपोळ्यांचा डबासुद्धा लाल चिठ्ठी लेवून परत आला: 'कडा जाड.' बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. कडा जाडच होत्या, हे मी आज लिहितोय; तेव्हा बोललो नव्हतो.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे बैठकीच्या टेबलावरचं विमान. रिमोटवर उडणारं, चार हात पंखांचं. ते अमेरिकेहून मुलाने, अजितने, पाठवलं होतं. खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'उडण्यास जवळजवळ तयार'.

"जवळजवळ म्हणजे काय हो?" साहेब विचारायचे. "माल तयार असतो किंवा नसतो."

पंख, शेपटी, चाकं जोडायला एक संध्याकाळ पुरली असती. साहेबांनी पाच वर्षं लावली. लाकूड बोटाने दाबलं तरी दबतं. डिंकाचे थेंब सुकलेले. बिजागऱ्या कागदासारख्या. वरचं चकचकीत आवरण तर पनवेलच्या दमट हवेत सुरकुतायचं. मग दर रविवारी साहेब त्यावर हलकी इस्त्री फिरवत. अंगातला सदरा मात्र चुरगळलेला. एक दोष काढला की दुसरा सापडायचा, आणि दर डिसेंबरात विमानाला नवी लाल चिठ्ठी लागायची.

मला दुसऱ्याचं भलं करायची वाईट खोड आहे. ऑफिसातल्या एकाचे मेहुणे, पटवर्धन, मुंबईत अशी विमानं उडवायचे. साहेबांना न विचारता मी त्यांना एका रविवारी घेऊन आलो, वर साहेबांना म्हणालो, "एकदा चाचणी तर होऊ द्या." चाचणीला नाही म्हणणं साहेबांना जमलं नाही. मला वाटलं, ते आनंदाने तयार झालेत.

सुकापूरच्या बाजूला भराव टाकून सपाट केलेली जागा होती. पटवर्धनांनी इंधन भरलं, नव्या बॅटऱ्या घातल्या, पंखा फिरवला. विमान धावलं, उचललं गेलं आणि दहा मिनिटं आमच्या डोक्यावर घिरट्या घालून अलगद उतरलं. एक ओरखडा नाही.

"इतकं पक्कं जोडलेलं विमान मी पाहिलं नाही," पटवर्धन म्हणाले. "खुशाल उडवा."

गुरं घेऊन थांबलेल्या एका म्हाताऱ्याला मी पाच वर्षांची हकिगत सांगितली होती; तो साहेबांना म्हणाला, "याला तर कायच झालेलं नाय. मंग इतकी वर्सं घरात कशाला ठेवलं?"

मी टाळ्या वाजवत होतो. एकटाच.

घरी येताना साहेबांनी विमान छातीशी धरलं होतं. जिन्यात थांबून म्हणाले, "अजितने लिहिलं होतं, बाबा, तुम्ही जोडून ठेवा, मी आलो की दोघं मिळून उडवू. दर डिसेंबरात त्याचं पत्र येतं, यंदा जमत नाही म्हणून. या वेळचंही आलंय. मी लिहितो, घाई करू नकोस, विमान अजून तयार नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "आता काय लिहू?"

मी त्यांच्या खिशातली किल्ली काढून दार उघडून दिलं.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. विमानाला हिरवी चिठ्ठी होती, त्या गठ्ठ्यातली पहिली. मी आजवर कपबश्या, चष्मे, सासऱ्यांचा रेडिओ असं बरंच काही चुकून फोडलंय. त्या दिवशी विमान उचललं आणि मुद्दाम सोडलं.

शेपटी मोडली. साहेब खाली बसले. भिंग आणलं. सांधा बराच वेळ पाहिला.

"टिकाऊ नाहीच माल," ते म्हणाले. "मी म्हणत होतो."

हिरवी चिठ्ठी कापून त्यांनी लाल बांधली, सही केली, तारीख घातली. मग खणातून एक पाकीट काढलं. तिकीट लावलेलं, चिकटवलेलं, अमेरिकेचा पत्ता.

"विमान अजून तयार नाही, असं परवाच लिहून ठेवलं होतं," ते म्हणाले. "पण खोटा रिपोर्ट मी कधी पाठवला नाही. आता जाता जाता पेटीत टाका."