रजयांच्या कपाटातली शिकवणी

"या टेपसमोर धोंडा बसवला तरी तो इंग्रजी बोलेल," असं म्हणून वडील रजयांच्या कपाटात शिरले.

विमान कंपन्यांच्या मुलाखतींना बसणाऱ्या मुलींची ते शिकवणी घेत. त्यांच्यासाठी टेप करायची ती कपाटातच, कारण रजयांमध्ये आवाज घुमत नाही. शब्दाचं मूळ सांगायचं, प्रश्न विचारायचा, उत्तरापुरतं थांबायचं आणि पुढे जायचं.

थोड्या वेळाने टेप पहिल्यापासून लावून त्यांनी घामेजलेलं डोकं बाहेर काढलं. "ऐकून उत्तरं देतेस? मधली जागा पुरते का बघू."

"संध्याकाळी, बाबा," त्यांची मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

तेवढ्यात वीज गेली. टेप तशीच लावलेली ठेवून त्यांनी फक्त भिंतीवरचं बटण बंद केलं. संध्याकाळी ते थकले होते. पहाटे झोपेतच गेले.

काका-काकू भेटायला आले तेव्हा खोलीत उकडत होतं. काकूंनी पंख्याचं समजून कपाटाशेजारचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. कपाट मात्र खाकरलं.

"चला, बसा सगळे."

सगळे बसले. काकू जिथे होत्या तिथेच, जमिनीवर.

"कॉकपिट. मुळात कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा. आता तिथे कोण बसतं?"

काकांनी हात जोडले. "पायलट, दादा."

"शाब्बास."

काकू सरकत काकांच्या पाठीशी गेल्या.

"मागे बसलेल्यांनीही बोलायचं."

"अगं बाई, मी दिसतेय त्यांना," काकू पुटपुटल्या.

"टेप आहे ती, काकू," मुलगी म्हणाली. तिच्याही अंगावर काटा होता.

"टेप कधी शाब्बास म्हणते का? बंद कर आधी."

"थांब गं," काका म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा त्याच्यापुढे माझं उत्तर बरोबर आलंय."

काकूंनी बटणाकडे हात नेला. मुलीने तो धरला. "राहू दे. मला ऐकायचंय."

"पॅराशूट. म्हणजे पडण्यापासून राखणारं. आता एक वाक्य तुझं तू बोल."

फीत सरसरत राहिली. मुलीसाठी सोडलेली जागा सरत चालली होती. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली.

"ऐकू नाही आलं," कपाट म्हणालं. "मोठ्याने."

"बाबा," तिने रजयांना सांगितलं, "तुम्ही मला फार आवडायचात."